दीड एकर, एक चिप आणि क-च-ट-त-प

पत्र थोडक्यात असं : खानापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताईंचं वय 48, मालक, म्हणजे नवरा, 53 वर्षांचे. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात ते लेथवर होते. तीन वर्षांपूर्वी हातातून पाना निसटायला लागला, तपासण्या झाल्या, एएलएस निघाला, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणारा आजार. हातपाय गेले, आठ महिन्यांपासून बोलणंही पूर्ण बंद आहे. घास गिळताना ठसका लागतो, रात्री झोप मोडते. ऐकू येतं, समजतं सगळं. पुण्यात आयटीत असलेल्या मुलाने व्हिडिओ पाहिलेत : परदेशात डोकं न उघडता मानेच्या शिरेतून मेंदूजवळ यंत्र सरकवतात आणि मग माणूस नुसतं मनात आणून मोबाइल चालवतो. व्हॉट्सॲपवर भेटलेला एक एजंट म्हणतो, यंत्र 'वायरलेस' आहे, 'कमी चिरफाड', चार लाख भरा, तिकडच्या ट्रायलमध्ये नाव लावून देतो. पन्नास हजार गेलेसुद्धा. बाकीच्या खर्चासाठी रस्त्याकडेची दीड एकर विकायचं घाटतंय. सासूबाई म्हणतात, "डोक्यात तार घालून माणसाच्या मनातलं बाहेर काढायचं, हे देवाला तरी पटंल काय?" ताई लिहितात, "मला त्या चिपची गरजच वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांवरून मला सगळं कळतं. दुपारी तीनला खिडकीकडे बघितलं की मी पडदा ओढते. पण मी नको म्हटलं तर पोराच्या मनात जन्मभर राहील, की आईने बाबांना बोलू दिलं नाही. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. अडीच पानं मुलाचं म्हणणं, एक पान सासूबाईंचं, उरलेल्या अर्ध्यात तुमचं स्वतःचं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं, की ज्यांच्या डोक्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांचं म्हणणं चार पानांत एका ओळीचंही नाही. तुम्हाला दोष देत नाही. माणूस बोलायचा थांबला की घर त्याच्या वतीने बोलायला लागतं, आणि ते प्रेमापोटीच. पण मला त्या रिकाम्या ओळीबद्दलच तुमच्याशी बोलायचंय. त्याआधी चिपचं बघू, कारण घरात भांडण तिच्यावरून आहे आणि ती नेमकी काय करते हे भांडणाऱ्यांपैकी कोणालाच पुरतं ठाऊक दिसत नाही.

मेंदूतल्या पेशी बारीक विजेच्या इशाऱ्यांनी काम करतात. 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर या डॉक्टरने माणसाच्या डोक्यावरून त्या विजेची पहिली नोंद घेतली. फिट येणाऱ्या पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवून ईईजी काढतात ना, त्याचा उगम तो. त्यात कापाकापी नाही, पण कवटीच्या बाहेर जे पोचतं ते फार पुसट असतं. गणपत गल्लीतून मिरवणूक चाललीय आणि तुम्ही दारं-खिडक्या लावून माडीवर बसलाय, तर ढोल कळतो. खाली कोण कोणाला काय म्हणालं ते कळत नाही. ते हवं तर खाली उतरायला पाहिजे. गेली वीसेक वर्षं शास्त्रज्ञांची धडपड चाललीय ती खाली कुठल्या जिन्याने उतरायचं यासाठी.

पहिला जिना सरळ होता. 2004 मध्ये अमेरिकेत एका लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूवर चार मिलिमीटरची, शंभर बारीक सुयांची चौकोनी चकती बसवली. कवटी उघडून. वायर डोक्याच्या कातडीतून बाहेर आलेली, खुंटीसारखी. त्याने कर्सर हलवून दाखवला, पण खुंटी कायम उघडी म्हणजे जंतूंना कायम वाट. तुमच्या मुलाने पाहिलेला, नुसतं मनात आणून बुद्धिबळ खेळण्याचा व्हिडिओ बहुधा न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीचा. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी पहिल्या माणसात यंत्र बसवलं : 64 धागे, त्यांच्यावर 1024 इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी टोकं. आत बसल्यावर बाहेर वायर नाही, खरंय. पण कवटीला भोक पाडावं लागलंच, आणि काही आठवड्यांत बरेच धागे जागेवरून मागे सरकले. सॉफ्टवेअरमध्ये बदल करून काम पुन्हा सुरू केलं. शिवाय त्या तरुणाला मानेच्या मणक्याला मार लागलेला होता. एएलएससारखा दर महिन्याला पुढे सरकणारा आजार त्याला नव्हता. व्हिडिओत हे दोन्ही दिसत नाही.

एजंट ज्याच्याबद्दल बोलतोय तो वेगळा जिना आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात हुशारीचा. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या नळीत स्टेंट सरकवतात ते आपल्याकडे आता घराघरात माहीत आहे. तशीच एक जाळी, तिच्यावर 16 इलेक्ट्रोड. मानेच्या शिरेतून ती वर नेतात आणि मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या मध्ये, वरच्या बाजूने जी मोठी शीर जाते तिच्यात उघडतात. हातापायांच्या हालचाली चालवणारा मेंदूचा भाग तिथे अगदी लागून असतो. म्हणजे गल्लीत न उतरता गल्लीतल्या गटारात उतरायचं. उपमा वाईट आहे, माफ करा, पण त्या शिरा मेंदूतून वापरून झालेलं रक्त वाहून नेण्याच्याच कामाच्या. याचं नाव स्टेंट्रोड. मेलबर्नमध्ये थॉमस ऑक्सली आणि निकोलस ओपी यांच्या गटाने आधी मेंढ्यांवर काम केलं, ते 2016 मध्ये छापून आलं. 2019 पासून माणसांत.

आता 'वायरलेस' या शब्दाकडे जरा बघा. जाळीपासून निघालेली वायर शिरेतूनच खाली येते आणि छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, कातडीत पुरलेल्या डबीला जोडलेली असते. पेसमेकरची डबी असते तिथेच. वायरलेस आहे ते त्या डबीपासून बाहेरच्या यंत्रापर्यंत. आणि 'कमी चिरफाड' म्हणजे 'काही धोका नाही' असं कोणी समजू नये. शिरेत परकी वस्तू राहिली की रक्त गोठू नये म्हणून गोळ्या आल्या. जाळी हळूहळू शिरेच्या आतल्या अस्तरात रुतून बसते. ती स्थिर राहायला ते चांगलं, पण उद्या नको झाली तर काढणं अवघड. धुळीच्या कणाएवढ्या यंत्राबद्दल मुलाने जो फॉरवर्ड पाठवला, त्याचंही सांगते. ते काम अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठातलं, 2016 चं. कण सुमारे तीन मिलिमीटर लांब होता, अल्ट्रासाउंडवर चालायचा आणि तो बसवला होता उंदरांच्या पायाच्या नसेवर आणि स्नायूवर. काम सुंदर आहे. तुमच्या घरच्या प्रश्नाशी त्याचा आज संबंध नाही.

माणसांत निकाल काय लागला? मेलबर्नच्या चार रुग्णांची वर्षभराची माहिती 2023 मध्ये छापून आली. जाळी हलली नाही, शीर तुंबली नाही, जिवावर बेतलं नाही. चांगलीच बातमी. पण चार माणसं, ताई. अमेरिकेत त्यानंतर सहा. आपल्या एका वऱ्हाडाच्या जीपमध्ये मावतील एवढी.

आणि त्यांना मिळालं काय, हे नीट ऐका, कारण तुमच्यासाठी कळीची गोष्ट इथे आहे. पहिल्या दोन रुग्णांबद्दल जो लेख आला त्यात दोघंही एएलएसचेच. पाय हलवायचा प्रयत्न मनातल्या मनात केला की यंत्र तो इशारा पकडतं आणि स्क्रीनवर क्लिक होतं. पण कर्सर हव्या त्या अक्षरावर नेत होतं कोण? त्यांचे डोळे. समोर नजर टिपणारा कॅमेरा होता. डोळ्यांनी अक्षर गाठायचं, चिपने दाबायचं. अशा रीतीने मिनिटाला साधारण 14 ते 20 अक्षरं लिहून झाली. म्हणजे जगातल्या सगळ्यात नव्या यंत्रातही अर्धं काम त्या डोळ्यांनीच केलं, जे तुमच्या मालकांचे आजही शाबूत आहेत. एएलएसमध्ये डोळ्यांची हालचाल बहुतेकांत शेवटपर्यंत टिकते. स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये हा आजार निघाला, ते 2018 मध्ये गेले. शेवटची काही वर्षं ते गालाच्या एका स्नायूने लिहायचे, चष्म्याला लावलेला छोटा सेन्सर गालाची हालचाल टिपायचा. त्यांच्या डोक्याच्या आत काहीही नव्हतं.

सासूबाईंना सांगा, त्यांची भीती खुळी नाही, फक्त थोडी भलतीकडे गेलीय. हे यंत्र मनातलं वाचत नाही. देवाचं नाव घेतलं की सुनेला शिवी दिली, त्याला पत्ता नाही. हालचालीच्या भागाजवळ बसलेलं असल्याने 'हलवायचा प्रयत्न केला' की 'नाही केला' एवढंच त्याला कळतं, आणि प्रयत्न माणसाने स्वतः केल्याशिवाय काही होत नाही. पण मेंदूची ही नोंद कोणाच्या मालकीची, हा सासूबाईंचा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडलाय. चिली देशाने 2021 मध्ये त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली. तेव्हा त्यांना अडाणी म्हणू नका.

एजंटाचा विषय लवकर संपवते. ट्रायल म्हणजे उपचार नव्हे. ट्रायल म्हणजे यंत्र सुरक्षित आहे का हे बघण्यासाठी काही माणसांनी स्वतःला पुढे करणं. त्यात नाव लावायला एजंट लागत नाही आणि पैसेही नाहीत. आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या तत्त्वांत स्पष्ट आहे, की संशोधनासाठीचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही. भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत असावी लागते, 2009 पासून ते सक्तीचं आहे, आणि ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. अमेरिकेचीही तशीच नोंदवही आहे. मुलाला एवढंच विचारा : एजंटाने ट्रायलचा नोंदणी क्रमांक दिलाय का? नसेल, तर चॅट, बँकेची पावती, फोन नंबर सगळं जपून ठेवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, आणि पुढचा रुपया देऊ नका. पोराला यावरून घालून पाडून बोलू नका मात्र. पुण्यात खोलीवर एकटा बसून रात्री दोन वाजता बाबांसाठी काहीतरी शोधणाऱ्या पोराला फसवणं सोपं असतं.

समजा सगळं खरं निघालं, तरी या माणसाला विमानात बसवून न्यायचं आहे हे लक्षात घ्या. विमानात हवा विरळ असते, आणि ज्याचा श्वासाचा स्नायूच थकलाय त्याला ती सोसत नाही. अशा अभ्यासात माणूस महिनोन्‌महिने संशोधकांच्या जवळपास राहावा लागतो. आणि यंत्र बसलं, तरी पुढे कंपनीचं काय? मेलबर्नमध्येच याआधी एक अभ्यास झाला होता, फिट येणाऱ्या 15 जणांचा. मेंदूवर बसवलेलं यंत्र फिट येण्याआधी सूचना द्यायचं. एका बाईला त्याने इतका धीर आला की ती एकटी घराबाहेर पडायला लागली. मग कंपनीचे पैसे संपले आणि यंत्र काढून घ्यायची वेळ आली. तिने आणि नवऱ्याने घर गहाण टाकून ते विकत घ्यायची तयारी दाखवली. नाही मिळालं. तुमच्या दीड एकराचं वाचलं तेव्हा मला तीच आठवली.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, की बरं झालं, चिपची गरज नाही हे माझंच बरोबर. थांबा जरा.

"त्यांच्या डोळ्यांवरून मला सगळं कळतं." यावर मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

माझी एक मावशी होती, शहापूरला. पक्षाघाताने वाचा गेली. आम्ही चार भाच्या पाळीपाळीने तिच्याजवळ असायचो आणि आम्हालाही तिचं सगळं कळायचं. एका आठवड्यात ती सारखी उजव्या हाताने दाराकडे खूण करायला लागली, चिडून रडायला लागली. आम्ही दार उघडलं, लावलं, पंखा बंद केला, देवाचा फोटो फिरवला, गावाकडच्या भावाला बोलावून आणलं. सहाव्या दिवशी दूधवाला दारात आला तेव्हा मावशीने माझा हात असा आवळला की नखं रुतली. त्याचे गेल्या महिन्याचे पैसे राहिले होते. आयुष्यात कोणाची उधारी न ठेवलेली बाई सहा दिवस त्या उधारीने तळमळत होती, आणि आम्ही तिला लिंबू सरबत पाजत होतो.

तहान, भूक, कूस बदलणं, पडदा हे तुम्हाला कळतं यात मला शंका नाही. ही गेल्या तीन वर्षांची तुमची कमाई आहे, ती कुठल्याही मशीनला येणार नाही. पण तुम्हाला कळतं ते तुम्ही अंदाज करू शकता तेवढंच. जे तुमच्या अंदाजात नाही, ते सांगायला आठ महिन्यांत त्यांच्याकडे रस्ताच नाही. कारखान्यातल्या कोणाचे पैसे देणं-घेणं असेल. मुलाच्या लग्नाबद्दल काही असेल. तुमच्याबद्दल काही असेल. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, हेसुद्धा बघून कळत नाही, विचारावं लागतं. आणि ते तर विचाराच, कारण एएलएसमध्ये सकाळची डोकेदुखी आणि रात्री मोडणारी झोप म्हणजे श्वास कमी पडायला लागल्याची खूण असू शकते.

मुलाचं म्हणणं असं की मशीन आलं म्हणजे बाबा बोलतील. तुमचं म्हणणं, बोलायची गरज नाही, मला कळतं. दोघांच्या मध्ये एक पाटी आहे, तिला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.

जुन्या कॅलेंडरचं पान घ्या, कोरी बाजू वर. जाड स्केचपेनने आठ ओळी लिहा. पहिली अ आ इ उ ए ओ. दुसरी क ख ग घ. तिसरी च छ ज झ. चौथी ट ठ ड ढ ण. पाचवी त थ द ध न. सहावी प फ ब भ म. सातवी य र ल व. आठवी श स ह ळ. बाकीची सोडून द्या, शुद्धलेखनाचे मार्क नाहीत. आपली अक्षरं आधीच अशी घराघरांत बसलेली आहेत हे आपलं नशीब. इंग्रजी एबीसीडीला अशी घरं पाडून द्यावी लागतात. आता तुम्ही फक्त ओळीचं पहिलं अक्षर मोठ्याने म्हणायचं : अ, क, च, ट, त. त्यांनी नजर वर केली की थांबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक : त, थ, द, ध, न. पुन्हा नजर वर, अक्षर सापडलं. 'न' पर्यंत सरळ मोजत गेलात तर 24 हाका लागतात, अशा रीतीने दहा. काना-मात्रा सुरुवातीला सोडा. 'प ण' आलं तर पण की पाणी हे बहुतेक वेळा कळतं, नाही कळलं तर विचारा, काना आहे का, वेलांटी आहे का. आठ दिवसांत तुम्हा दोघांना पाटी न बघता तोंडपाठ होईल. शाळेत पाठ केलेलं आहेच की.

होकाराची खूण नजर वर, नकाराची नजर खाली. पापणी मिटणं ही खूण ठेवू नका. पापणी आपोआपही मिटते आणि मग आपण नसलेला होकार ऐकतो. नकारालाही स्वतःची खूण हवीच. नुसतं काही न करणं म्हणजे नकार धरला, तर झोप लागली तरी नकार. सापडलेली अक्षरं दुसऱ्या कोणाला वहीत लिहायला सांगा, नाहीतर चौथ्या अक्षराला पहिलं विसरतं. शब्द त्यांच्याआधी तुम्ही पूर्ण करू नका. हे सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे, विशेषतः बायकांना. करायचाच मोह झाला तर अंदाज सांगून नजर वर जाते का बघा. पाटीच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहून ठेवा : 'बोलायचंय', 'चुकलं, परत', 'यातलं काही नाही'. तिसरी फार महत्त्वाची. आपण विचारलेले सगळे पर्याय चुकीचे आहेत हे सांगायची सोय त्यांना आजपर्यंत नव्हती.

सकाळी ताजे असताना दहा मिनिटं, बस्स. पहिले चार दिवस वैताग येईल, तेही चिडतील. हात लावला की मायक्रॉनपर्यंत माप सांगणाऱ्या माणसाला एका शब्दाला तीन मिनिटं लागणं सोपं नाही. कदाचित पाटी नकोच म्हणतील. तेही चालेल, तो निदान त्यांचा नकार असेल.

जमलं, तर पुढच्या पायऱ्या आहेत. नजर टिपणारे कॅमेरे संगणकाला लावता येतात, आणि 2024 पासून काही नव्या आयफोनमध्ये नजरेने चालवायची सोय मुळातच आहे. पुण्याच्या आयटीवाल्याला हे काम द्या. त्याला बाबांसाठी काहीतरी तांत्रिक करायचंय ना, इथे खरंच त्याच्या हाताला काम आहे, आणि चार लाखांच्या आतलं. म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमध्ये आणि बेंगळूरच्या निमहान्समध्ये वाचा गेलेल्यांना पर्यायी संवाद शिकवणारे तज्ज्ञ आहेत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर त्यांना नेणं आता झेपणार नसेल, तर आधी फोनवर किंवा व्हिडिओवर विचारा, कागदपत्रं घेऊन मुलगा एकटा जाऊन आला तरी चालतं.

आणि मग, आठ-पंधरा दिवसांनी, त्यांना चिपबद्दल विचारा. मुलाने नाही, तुम्हीही नाही. कारखान्यातला कोणी जुना सोबती असेल, ज्याला निकालाचं सुखदुःख नाही, त्याने. 'तुम्हाला चिप हवीय ना?' असं नव्हे. वर मी लिहिलंय ते त्यांना आधी वाचून दाखवा, चार माणसं आणि छातीतली डबी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सगळं. मग एकदा 'हवी का?', दुसऱ्या दिवशी उलटून 'नको का?'. दोन्ही उत्तरं जुळली तर ते उत्तर. एएलएसच्या काही रुग्णांत विचार करण्यावरही परिणाम होतो, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडून तेवढं तपासून घ्या. पण तसं नसेल, तर त्यांच्या जागी मुलाची सही चालत नाही, तुमचीही नाही. सहीच्या कागदाचंही आपल्या भागात वेगळंच असतं. कागद कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत आणि अंगठा मराठी माणसाचा. संमतीचा कागद रुग्णाला समजेल अशा भाषेत समजावणं हा उपकार नाही, नियम आहे. एमआरआयपासून पोटातल्या नळीपर्यंत कुठल्याही सहीला हे हक्काने मागा, आणि मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

ते 'हवी' म्हणाले तर? तर मुलाने निमहान्समधल्या डॉक्टरांकरवी खऱ्या नोंदवहीतला खरा अभ्यास शोधायचा, आणि रुग्णाची प्रकृती त्याच्या अटींत बसते का ते विचारायचं. बहुधा बसणार नाही, मी खोटी आशा दाखवत नाही. पण विचारून नाही मिळालं आणि विचारलंच नाही, यात त्यांच्यासाठी फरक आहे.

जमिनीचं. उताऱ्यावर नाव त्यांचंच आहे असं तुम्ही लिहिलंय. मग प्रश्न तुमचा नाही, मुलाचा नाही. त्यांनी घेतलेली, त्यांच्या नावची जमीन त्यांच्याच उपचाराला विकायची, आणि घरात हे सगळ्यांना ठाऊक फक्त त्यांना सोडून, हे मला बरं वाटत नाही. कदाचित त्यांना सगळं ऐकू आलेलं असेलही. कान चांगले आहेत ना.

पैसा खर्चायचा असेल तर आज तो कुठे लागतो सांगते. रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन, त्याबद्दल या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, पुढच्या नव्हे. लाळ ओढायचं सक्शन मशीन. घास ठसकत असेल तर पोटात नळी बसवायचा निर्णय, आणि तो श्वास फार उतरायच्या आधी घ्यावा लागतो, नंतर बसवणं धोक्याचं होतं. या तिन्ही गोष्टी त्या चिपने होणार नाहीत. ती फक्त ऐकते, आजार थांबवत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर तेही काढून घ्या, 2016 च्या कायद्यात हा आजार बसतो.

मुलाला हे पत्र पाठवा. आणि तो पुढच्या वेळी आला की पाटी त्याच्या हातात द्या, तुम्ही स्वयंपाकघरात जा. बापलेकात काय बोलणं होतं ते तुम्हाला कळलंच पाहिजे असं नाही.

अजून एक. पाटीवर पहिल्या दिवशी काय विचारायचं, म्हणून अडून बसू नका. दुपारी तीनला ते खिडकीकडे बघतात आणि तुम्ही पडदा ओढता. पडदा ओढून घ्यायचा असतो की बाजूला सरकवायचा, तेवढं आधी विचारून बघा.